अर्थशास्त्राच्या वर्गात कशासाठी यायचं?



कला शाखेचे प्रवेश सुरू झाले की एक प्रश्न हमखास कानावर येतो. बहुतेक वेळा तो विद्यार्थ्याचा नसतो, सोबत आलेल्या वडिलांचा किंवा मामाचा असतो. 'इकॉनॉमिक्स स्पेशल घेऊन पुढं काय?' टेबलापलीकडचा शिक्षक सांगतो की एमपीएससीला उपयोग होतो, बँकेच्या परीक्षा देता येतात, एमए केलं की सेट-नेट आहे. यातलं काहीच खोटं नाही. ज्या घरातलं पहिलंच मूल पदवीपर्यंत पोचतंय, त्या घरानं आधी नोकरीचा विचार केला तर त्यात कमीपणा कसला? पोटापाण्याचा विचार करणाऱ्याला नाक मुरडणं अर्थशास्त्राला तर मुळीच शोभत नाही.

पण हे उत्तर तीन वर्षं पुरत नाही. स्पर्धा परीक्षेपुरतं अर्थशास्त्र दोन-तीन पुस्तकांत मावतं, त्यासाठी विद्यापीठाची पायरी चढावी लागत नाही. मग विद्यापीठात जाऊन हा विषय शिकायचा तो कशासाठी? याचं उत्तर मला आपल्याच मातीतल्या माणसांच्या कामात सापडतं. ज्यांनी आपल्याकडे हा विषय उभा केला, त्यांच्यातले कितीतरी जण अर्थशास्त्रज्ञ व्हायला निघालेलेच नव्हते. कुणी गणित शिकवत होतं, कुणी न्यायाधीश होतं, कुणी शाळेचं हेडमास्तर. त्यांना एक प्रश्न छळत होता, आणि तो सोडवायला दुसरं कुठलं शास्त्र पुरेना, म्हणून ते इकडे वळले.

दादाभाई नौरोजींचंच बघा. एल्फिन्स्टन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक होते. पुढे व्यापाराच्या निमित्ताने लंडनला गेले. हिंदुस्थान गरीब आहे असं त्या काळात पुष्कळ लोक म्हणत, आणि रेल्वे आली, निर्यात वाढली, देश सुधारतो आहे, असं सरकारपक्षाचे लोक म्हणत. दादाभाईंनी दोघांनाही विचारावा असा प्रश्न विचारला : किती? प्रांतात पिकाखाली जमीन किती, एकरी पिकतं किती, बाजारभावाने त्याची किंमत किती, आणि ती डोईवारी वाटली तर वाट्याला येतं किती? १८६७-६८ सालाचं उत्तर आलं वर्षाला माणशी २० रुपये.

नुसत्या २० रुपयांवरून काही कळत नाही. ते पुरेसे की अपुरे? इथे दादाभाईंनी जे केलं ते मी दरवर्षी वर्गात सांगतो, आणि सांगताना दरवर्षी मला नव्याने आदर वाटतो. त्यांनी सरकारच्याच तुरुंग खात्याचे अहवाल काढले आणि एका कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार वर्षाला किती खर्च करतं ते पाहिलं. प्रांतामागून प्रांतात तो खर्च तिथल्या माणशी उत्पन्नापेक्षा जास्त निघाला. म्हणजे गुन्हा करून आत गेलेल्याला जेवढं मिळत होतं, तेवढंही बाहेर राबणाऱ्याच्या वाट्याला येत नव्हतं. १८७६ मध्ये मुंबईत वाचलेल्या निबंधात त्यांनी हे मांडलं. आकडे सरकारचेच असल्यामुळे ते सहज झटकून टाकता येईनात. सगळं गणित गुणाकार-भागाकाराचं. पण कशाची तुलना कशाशी करायची हे सुचायला मनात प्रश्न धगधगत असावा लागतो.

रानडे न्यायाधीश होते. इंग्लंडच्या पुस्तकांतले अर्थशास्त्राचे नियम इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले आहेत, ते जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत, हे त्यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात ठासून सांगितलं. त्यांच्या तालमीत तयार झालेले गोपाळ कृष्ण गोखले हेही शिक्षकच. त्यांचं अंकगणिताचं पुस्तक शाळाशाळांत चालत असे. आणि सोलापूरला एक हेडमास्तर होते, गणेश व्यंकटेश जोशी. सरकारी अहवाल, शेतसाऱ्याचे तक्ते, आयात-निर्यातीची कोष्टकं हा माणूस पोथीसारखा वाचायचा. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात त्यांनी केलेलं लेखन आजही वाचण्यासारखं आहे. कौन्सिलात बोलण्याआधी गोखले याच जोश्यांकडे आकडे तपासायला जात.

१९०२ साली कलकत्त्याच्या कौन्सिलात गोखल्यांचं अंदाजपत्रकावरचं पहिलं भाषण झालं. सरकारी तिजोरीत सलग काही वर्षं शिल्लक पडत होती आणि सदस्य सरकारचं अभिनंदन करत होते. गोखल्यांनी अभिनंदनात सूर मिसळायला नकार दिला. त्यांचा युक्तिवाद नीट बघण्यासारखा आहे. १८९३ मध्ये टांकसाळी चांदीला बंद झाल्या आणि रुपयाचा भाव पुढे १ शिलिंग ४ पेन्सवर नेऊन ठेवला गेला. इंग्लंडला पौंडांत द्यायचा खर्च त्यामुळे रुपयांत स्वस्त पडू लागला. पण रुपया घसरत असताना जे कर त्या कारणासाठी वाढवले होते, ते तसेच चालू राहिले. म्हणून शिल्लक. दुष्काळ आणि प्लेगने पिचलेल्या देशात तिजोरी भरली, ती रयतेकडून गरजेपेक्षा जास्त घेतलं म्हणून भरली.

या वाढवलेल्या करांत मिठाचा कर होता. १८८८ पासून मणामागे अडीच रुपये. मीठ श्रीमंतालाही तेवढंच लागतं आणि मजुरालाही, म्हणून तो कर गरिबाला जास्त जाचतो. हा कर १९०३ मध्ये दोन रुपयांवर, १९०५ मध्ये दीडवर आणि १९०७ मध्ये एका रुपयावर आला. सगळं श्रेय एकट्या गोखल्यांना देणं बरोबर होणार नाही, पण कौन्सिलात वर्षानुवर्षं हा मुद्दा आकड्यांनिशी लावून धरणारा माणूस तोच होता. अंदाजपत्रक वाचता येणं ही किती मोठी शक्ती आहे, हे दाखवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. टाळ्या वाजत असताना 'ही शिल्लक आली कुठून?' असं विचारायला धैर्य लागतं, आणि त्या धैर्याला आधार द्यायला अभ्यास लागतो.

आता डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांना आपण घटनाकार म्हणून ओळखतो आणि ते योग्यच आहे. पण १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले आणि मुख्यतः अर्थशास्त्र शिकले. तिथे सेलिग्मन त्यांचे गुरू. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. मधल्या काळात, १९१८ च्या नोव्हेंबरपासून, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांनी हाच विषय शिकवला. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला आणि १९२५ मध्ये चलनाच्या शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली.

मला मात्र त्यांच्या १९१८ च्या एका निबंधावर थोडं थांबायचं आहे. विषय आहे हिंदुस्थानातल्या लहान शेतजमिनींचा. त्या वेळी या प्रश्नाची मोठी चर्चा होती. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी केली आणि ती १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. जुने कागद धुंडाळून त्यांनी दाखवलं की १७७१ साली त्या गावात एका धारणेचं सरासरी क्षेत्र ४० एकर होतं, ते १९१४-१५ मध्ये ७ एकरांवर आलं, आणि तेही एका जागी नाही, शिवारभर विखुरलेलं. उपाय कुणालाही सुचेल असाच होता : तुकडे जोडा, आणि पुढे वाटण्या होऊ देऊ नका.

सत्तावीस वर्षांचे आंबेडकर मुळालाच हात घालतात. शेत लहान म्हणजे कशाच्या मानाने लहान? नुसत्या एकरांवरून ते ठरवता येणार नाही. शेतकऱ्याकडे बैल किती, औतं किती, भांडवल किती, यावर त्याला किती जमीन पेलते हे ठरतं. ती अवजारं आणि जनावरंच अपुरी असतील, तर आहे ती जमीनसुद्धा त्याला जास्त होते. तुकडे जोडून दिले तरी हात रिकामेच राहतील. जमिनीवर पोट भरणाऱ्यांची गर्दी हा खरा रोग आहे, आणि शेतीवरचा उपाय शेतीच्या बाहेर, उद्योगधंद्यांच्या वाढीत आहे. हे त्या निबंधाचं सार. ज्या समाजाच्या वाट्याला जमीन जवळजवळ आलीच नव्हती, त्या समाजातून आलेल्या माणसालाच हे इतकं स्वच्छ दिसलं, यात मला नवल वाटत नाही. जमीनवाल्यांच्या वाटण्यांकडे बघताना, ज्याच्याकडे वाटायला काहीच नाही तो मजूर त्यांच्या नजरेआड झाला नाही. विद्यार्थी वर्गात काय घेऊन येतो, याने विषयात काय दिसतं तेही बदलतं.

पिंपळे सौदागरला आज गेलात तर उंच इमारती दिसतील, आयटीतल्या तरुणांची घरं दिसतील. मान यांनी जिथे एकर मोजले, तिथे मधल्या काळात गुंठे मोजले गेले आणि आज चौरस फूट मोजले जातात. शेतीवरचा भार शेतीबाहेर काढायचा हे आंबेडकरांचं म्हणणं त्या शिवारापुरतं खरं झालं. पण जमीन कुणी कोणत्या भावाने विकली, पैशाचं काय झालं, आणि ज्यांच्याकडे विकायला जमीनच नव्हती ती कुटुंबं कुठे गेली? पुणे-पिंपरीत अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलांना दारातला हा विषय सोडून दुसरीकडे प्रबंध शोधायची काय गरज आहे?

बंगालचा १९४३ चा दुष्काळ झाला तेव्हा अमर्त्य सेन शांतिनिकेतनात शाळकरी पोर होते. त्यांचा दुष्काळावरचा ग्रंथ आला १९८१ मध्ये. धान्य पुरेसं असतानाही माणसं उपाशी मरतात, कारण भाव वाढतात आणि मजुरी मागे राहते, हे त्यांनी त्यात दाखवलं. लहानपणी पाहिलेल्या गोष्टीचं उत्तर मांडायला अडतीस वर्षं गेली. प्रश्न खरा असला की तो इतकी वर्षं साथ देतो.

आता आपल्या वर्गाकडे येतो. बारावीला 'मागणीची लवचिकता' हे प्रकरण असतं. लवचिकतेचे पाच प्रकार, पाच आकृत्या. चांदवडकडची एक विद्यार्थिनी माझ्या वर्गात होती. पाचही आकृत्या फळ्यावर सुबक काढून दाखवायची. तिच्या घरी कांदा. एकदा बोलता बोलता ती म्हणाली, 'सर, त्या वर्षी आमच्याकडं कांदा लई झाला होता आणि पैसे त्याच वर्षी सगळ्यात कमी झाले. पप्पा म्हणाले, नशीब.' मी तिला तिचीच कमी लवचिक मागणीची आकृती परत काढायला सांगितली. घराला कांदा जेवढा लागतो तेवढाच लागतो. भाव निम्म्यावर आला म्हणून कुणी दुप्पट कांदा खात नाही. त्यामुळे बाजारात माल थोडा जास्त आला तरी भाव त्याच्या कितीतरी पट कोसळतो आणि शेतकऱ्याच्या हातात एकूण रक्कम कमी येते. ती बराच वेळ आकृतीकडे बघत राहिली आणि मग तिने विचारायला सुरुवात केली. मग चाळीत साठवलेल्या कांद्याचं काय? त्यात घट किती येते, किती सडतो, किती कोंब धरतो, आणि थांबायची ऐपत कुणाची असते? डिसेंबर २०२३ मध्ये निर्यात बंद केली आणि मे २०२४ मध्ये उठवली, त्यात शहरातल्या गिऱ्हाइकाचं किती वाचलं आणि आमचं किती गेलं? यातल्या काही प्रश्नांची उत्तरं पुस्तकात आहेत, काहींची आकडे गोळा करून काढावी लागतील, आणि शेवटच्या प्रश्नात कुणाचं नुकसान किती जड धरायचं हा न्यायाचा भाग आहे. आकृती पाठ करताना तिच्यासाठी अर्थशास्त्र संपत होतं, त्या दिवशी ते सुरू झालं. वडिलांनी जे नशिबावर टाकलं होतं, त्याला कारण आहे हे तिला कळलं.

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाकडून घरखर्चाची वही लिहून घेत. एका महिन्याचा हिशेब. किराणा, दळण, मोटारीचं लाइट बिल, सोसायटीचा हप्ता, भिशी, आजीच्या डोळ्यातले थेंब, हातउसने. त्या वह्यांतून उधारी, व्याज, बचत, हंगाम ही सगळी प्रकरणं सर शिकवत. मीही ती पद्धत चालवली. एका मुलीने वही दाखवताना विचारलं होतं, 'आई घरचं करून रानात जाते, तिला कुणी पैसे देत नाही. ते कुठल्या रकान्यात लिहू?' राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेतला हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि तो तिने पुस्तक न उघडता विचारला. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं आढळलं. कला शाखेच्या अर्थशास्त्राच्या वर्गांत आज मुलीच जास्त दिसतात. या २९९ मिनिटांचा अभ्यास त्या करणार नाहीत तर कोण करणार?

हे प्रश्न सोडवून पुढे काही होतं का, अशी शंका पालकांच्या मनात येईल. त्यांना मी त्यांच्याच पगाराची पावती काढायला सांगेन. व्यवसाय कर म्हणून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. हा कर १९७५ च्या कायद्याने आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. वि. स. पागे यांनी ती योजना आधी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला करून पाहिली होती. मग बहात्तरचा दुष्काळ आला, लाखो माणसं खडी फोडायला आणि बंडिंगच्या कामांवर गेली, आणि पुढे मागेल त्याला काम देण्याचा कायदा महाराष्ट्राने केला. त्याच सुमारास, १९७१ मध्ये, पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी देशातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. दिवसाला २,२५० उष्मांक मिळतील एवढं खायला किती पैसे लागतात? १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात वर्षाला माणशी १८० रुपये, शहरात २७०. ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के लोक त्या रेषेखाली निघाले. रेषा कुठे आखायची यावर पुष्कळ वाद झाले, आजही होतात, आणि ते व्हायलाच हवेत. पण वाद घालायला आधी कुणीतरी रेषा आखावी लागते. गरिबांना रोजगार द्यायचा तर तो कसा आणि पैसा कुठून आणायचा, याचाही हिशेब या दोघांनी मांडला. २००५ मध्ये रोजगाराची हमी देशाचा कायदा झाली, तेव्हा तिच्यामागे महाराष्ट्राचा अनेक वर्षांचा अनुभव होता.

एका गोष्टीबद्दल विद्यार्थ्यांशी स्पष्ट बोललं पाहिजे. आपल्याकडे दहावीनंतर गणित सुटावं म्हणून कला शाखा घेणारे खूप आहेत, आणि त्यांतले पुष्कळ अर्थशास्त्राकडे येतात. एमएच्या वर्गात संख्याशास्त्र आणि अर्थमिती समोर आली की त्यांचं अवसान गळतं. दादाभाई आणि गोखले गणित शिकवत होते. केंब्रिजमध्ये १९०३ साली अर्थशास्त्राचा स्वतंत्र अभ्यासक्रम उभा करणारे मार्शलही गणितातूनच आले, आणि सुट्टीत शहरांच्या गरीब वस्त्यांतून हिंडत असत. गणित टाळून या विषयात फार लांब जाता येत नाही. पण मी हेही पाहिलं आहे की आपल्या गावच्या पाण्याचा, आपल्या घरच्या कर्जाचा हिशेब काढायचा असला की गणिताला घाबरणारी मुलं निर्देशांक आणि प्रमाण विचलन शिकायला आपणहून बसतात. भीती गणिताची कमी असते, कशासाठी ते माहीत नसल्याची जास्त असते.

म्हणून माझ्या शिक्षक मित्रांना एक विनंती आहे. प्रवेश झाल्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याकडून एक प्रश्न लिहून घ्या. त्याच्या घरातला, गावातला, त्याला खरोखर पडलेला. मराठीत, त्याच्या भाषेत, शुद्धलेखन न तपासता. तो कागद विभागात जपून ठेवा. तीन वर्षांत जे प्रकरण त्या प्रश्नाला लागू पडेल, ते शिकवताना त्या मुलाचं नाव घेऊन विचारा. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बाजारातून छापून आणू देऊ नका, त्याच प्रश्नावर लिहायला लावा. तलाठी कार्यालयात, बाजार समितीत, सोसायटीत त्याला पाठवा, आणि तिथे माहिती मिळत नसेल तर त्याच्यासोबत तुम्ही जा. अभ्यासक्रम बदलायला अभ्यास मंडळ लागतं, विद्या परिषद लागते. एका कागदावर एक प्रश्न लिहून घ्यायला यातल्या कुणाचीच परवानगी लागत नाही, आणि येत्या जूनपासून ते करता येईल.